पितळी पाटी

सी.ए.च्या निकालात हिना पास झाली आणि तिला हट्टाने अभ्यासाला बसवणारा नवरा रोनक मात्र पुन्हा नापास झाला. सासऱ्यांनी हौसेने आधीच करवून घेतलेली ‘सी.ए. रोनक’ अशी पितळी पत्र्याची पाटी कपाटात लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. आज जळगावात हिनाच्या ऑफिसची पूजा होती. रोनक स्वतः दाराशेजारी तिच्या नावाची चकचकीत पाटी बसवत होता. त्याच्या खांद्यावरचं लाल फडकं पाहून ती चरकली. “अहो, ही तुमची पाटी?” “कारागिराने मागच्या बाजूला तुझं नाव ठोकून दिलं. एवढं चांगलं पितळ वाया कशाला घालवायचं? मी उद्यापासून पप्पांसोबत दुकानात बसतो.” शेवटचा स्क्रू घट्ट आवळून तो पेढे वाटायला आत गेला. हिनाने पाटीवरून बोट फिरवलं. भिंतीकडे तोंड केलेली त्याची अक्षरं तिच्या अक्षरांमधून बोटाला लागत होती.