खंड्याचं उष्टं

"आत्याबाई, एकच घास," हेमलता ताटली पुढे करत म्हणाली. गजराआत्यांनी भाकरीचा तुकडा चावून परत ताटलीत ठेवला. हेमलताने त्याला तपासणीची पट्टी लावली. जंतू असते तर ती निळी झाली असती. ती पांढरीच राहिली.

तिच्या नवऱ्याच्या, जयवंताच्या, गालात आतून चट्टे पडले होते आणि त्यातला एक आता कडक होऊ लागला होता. असे चट्टे खाऊन टाकणारा जंतू डॉक्टरांनी घडवला होता. पण तो बाटलीत जगत नसे. तोंडाच्या ओलीतच जगे, उष्ट्यातूनच पसरे. साऱ्या तालुक्यात तो एकट्या आत्यांकडे रुजला होता.

"मागल्या आठवड्यात दाढ सुजली होती गं," आत्या रडवेल्या झाल्या. "गोळ्या घेतल्या. त्यानंच जंतू मेले असतील का?"

हेमलताने पांढरी पट्टी बाजूला टाकली. "तुमचं उष्टं आणखी कुणी खाल्लंय? आठवा ना!"

"माझं कोण खाणार? उरलंसुरलं खंड्याला घालते."

हेमलता तशीच अंगणात धावली. कुत्रा भाकरी चघळत पडला होता. तो गुरगुरला, तिच्या मनगटाला चावला, पण तिने तुकडा ओढून काढलाच. दुसरी पट्टी लावली. कडेला निळी रेघ उमटली.

"अहो, तोंड उघडा."

जयवंताने दारातून सगळं पाहिलं होतं. त्याने डोळे मिटले आणि आखडलेला जबडा उघडेल तेवढा उघडला. हेमलताने तुकडा त्याच्या गालात सरकवला आणि त्याला उमासा येताच रक्ताळल्या हाताने त्याचं तोंड दाबून धरलं.