स्माईलचं कार्ड

इंग्रजीच्या सरांनी चेहऱ्यांची कार्डं घरीच बनवली होती, सगळ्यांवर बायकोचेच फोटो. ओठ मिटून हसली की स्माईल, दात दिसले की ग्रिन, भुवया आक्रसल्या की फ्राउन. तिला जाऊन वर्ष झालं, तरी कार्डं तीच होती. सर फोटो मुलांकडे धरत आणि मागचा शब्द स्वतः वाचत.

आज त्यांनी ‘स्माईल’ धरलं.

“क्रायिंग,” सगळा वर्ग म्हणाला.

“डोळे आहेत की बटणं?” म्हणत सरांनी कार्ड स्वतःकडे वळवलं. ती नेहमीसारखीच हसत होती. “हे रडणं आहे?”

पहिल्या बाकावरची मुलगी खाली बघत म्हणाली, “तुम्ही कार्ड वळवायला लागलात, तेव्हा त्यांनी घाईघाईनं डोळे पुसले, सर.”