धाकूच्या नावाची धार

कारखानीस साहेबांनी बाटली दोन्ही हातांनी उचलली, तान्हं मूल उचलावं तशी, आणि मांडवातली माणसं हसू दाबत एकमेकांकडे बघू लागली.

"सील शाबूत आहे," साहेब म्हणाले. "आतली व्हिस्कीही पार गळ्यापर्यंत आहे. उत्तम, तू बोललास तेव्हा मला थाप वाटली होती."

उत्तम कसनुसा हसला. साहेब ठाण्याच्या ज्या कंपनीत मॅनेजर होते, तिथे तो कित्येक वर्षं टेंपररी होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने बापाच्या बाटलीची बढाई मारली होती. ती अशी अंगाशी येईल, आणि तीही बहिणीच्या हळदीच्या दिवशी, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बाटली त्याच्या बापाची, धाकूची. वाळूच्या बार्जवरून कल्याणच्या खाडीत पडलेल्या एका गोऱ्या इंजिनिअरला धाकूने केसाला धरून वर काढलं होतं. त्या माणसाने मायदेशी जाताना ही त्याच्या हातात ठेवली. "मंजुलाचे हलदीला फोडू," असं धाकू सगळ्या कोळीवाड्याला सांगत सुटला, आणि हळदीआधीच गेला.

आज मंजुळा पाटावर बसली होती. साहेबांनी उचलण्याआधी बाटली मांडवाच्या मेढीशी, तांदळाच्या राशीवर ठेवलेली होती. पहिली धार पितरांना, मग बाकीच्यांना, आणि धार घरच्या मुलाच्या हातून पडते. तोवर मांडवात कोणी थेंबाला शिवत नाही, घसा कितीही कोरडा पडो. गोमाजीकाकांचा तर सकाळपासूनच पडला होता.

"बाई, ही साधी दारू नाही," साहेब उत्तमच्या आईला, दगडाबाईला, समजावू लागले. "स्कॉटलंडच्या एका बेटावर हिची भट्टी होती. त्र्याऐंशी साली बंद पडली."

"धाड पडली?" दगडाबाईने लगेच विचारलं. खाडीकाठच्या झुडपांतल्या भट्ट्या कशा बंद पडतात, हे तिला ठाऊक होतं.

"नाही हो. खप नव्हता. पुन्हा सुरू होईल म्हणतात, पण ही चव काही परत येणार नाही. जगात आता मोजक्याच बाटल्या उरल्यात."

"म्हंजे व्हती तवा कोनी पिली नाय. आन् आता नाय तं सगल्यांना पायजे."

साहेब हसले, पण बाटली काही त्यांनी खाली ठेवली नाही. "उत्तमला कायम करणं माझ्याच हातात आहे. मी अट घालत नाही, बरं का. पण माझं मन राखलंत, तर मलाही तुमचं राखावंसं वाटेल."

अट घालत नाही म्हणणारा माणूस अटच घालत असतो, हे मांडवातल्या पोरासोरांनाही कळलं.

उत्तमने आईकडे पाहिलं. कायमची नोकरी म्हणजे काय, ते तिला सांगायला नको होतं. जाळ्यात हल्ली मासळीपेक्षा चिखलच जास्त येत होता.

"तुजे बापसाची हाय," ती म्हणाली. "धार तुजेच हातची. तू सांग." आणि तिने पदराने तोंड पुसलं. तिला रडू येत होतं, आणि या माणसासमोर ते येऊ द्यायचं नव्हतं.

उत्तमने साहेबांच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"दादूस," मंजुळा पाटावरून म्हणाली, "हलद सुकते."

"साहेब," उत्तमने विचारलं, "तुम्ही ही पिणार कधी?"

साहेब दचकलेच. "पिणार? छे, छे! कधीच नाही. काचेच्या कपाटात ठेवणार. वर छोटा दिवा लावणार."

"कोणाला देणारही नाही?"

"कोणालाही नाही. शब्द देतो."

साहेबांनी तो शब्द अगदी मनापासून दिला, आणि तिथेच सगळं फिसकटलं. उत्तमच्या डोळ्यांपुढे बाप उभा राहिला, हात पुढे केलेला, आणि मधे काच.

त्याने साहेबांच्या हातातून बाटली अलगद सोडवून घेतली. तोंडावरची लाख दातांनी फोडली, बूच ओढलं.

"उत्तम, वेडेपणा करू नकोस! सोमवारी ऑफिसात तोंड कसं दाखवशील?"

"हेच दाखवीन," उत्तम म्हणाला. "दुसरं कुठून आणू?"

मेढीच्या पायाशी धार पडली. "बाबा, मंजुलाची हलद हाय. घे."

वास उठला तशी माणसं नाकं मुरडू लागली. "दवाखान्यावानी वास येतंय रे," गोमाजीकाका म्हणाले. "टिंचर हाय का काय?"

दगडाबाईने तो वास छातीभर घेतला. धूर, मीठ आणि ओलं लाकूड. धाकू रात्रभर खाडीत राहून, होडीतल्या शेगडीवर हात शेकून घरी यायचा, तेव्हा त्याच्या सदऱ्याला हाच वास असायचा. मग मात्र तिने रडू आवरलं नाही. साहेब बघत होते, तर बघू दे.

बाटली फिरली. बायका, म्हातारे, वाजंत्री, सगळ्यांना पळी पळी. साहेबांच्याही वाट्याची पळी आली, त्यांनी मान फिरवली. पितरांचा प्रसाद वाया जाऊ नये म्हणून ती गोमाजीकाकांनी घेतली, आणि पुन्हा तोंड वाकडं केलं.

साहेब मांडवाबाहेर चपला शोधत होते. उत्तम रिकामी बाटली सदऱ्याच्या टोकाने पुसत त्यांच्यामागून गेला.

"लेबलला धक्का लागलेला नाही साहेब," तो म्हणाला, आणि बाटली त्यांच्या हातात दिली. "आतलं तर तुम्हाला नकोच होतं."