मागचं घर

“चतुराबाईची हरकत आहे,” नरहर कारकुनानं कागद बघून सांगितलं आणि कारभारीच्या अंगाचा तिळपापड झाला.

साल सत्तावन्न. नव्या ग्रामपंचायतीनं नियम काढला होता, ज्याला राहतं घर एकच, त्याला घरपट्टी माफ. नावानं आणि स्वभावानंही कारभारी असलेल्या या गृहस्थानं सगळ्यांच्या आधी अर्ज ठोकला. केदारखेड्यात पहिली माफी आपलीच, असं तो बाजारात सांगूनही आला होता. आणि आता ही मेलेल्या धाकट्या भावाची बायको आडवी आली.

ती चावडीच्या दाराशी पदर ओढून बसली होती. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बाईनं तोंड उघडायचं नाही अशी रीत. मागच्या घरातून हिला हुसकायचं म्हणून कारभारीनं दावा लावला, येता-जाता शिव्या घातल्या, पण तिनं रीत काही मोडली नाही. आजही ती कारकुनाकडेच बघून बोलत होती.

“त्यांना इचारा, मागचं घर कोणाचं? दोन घरं असून माफी कशी मागून राह्यले?”

नरहरनं प्रश्न लिहून घेतला आणि मग विचारला.

चावडीत दहा-बारा माणसं होती. कुणीतरी खुसखुसलं. बाईमाणसानं चारचौघांत आपली फजिती करावी, हे कारभारीला मुळीच सोसवेना.

“मागचं घर माझं न्हाई. भावाचं व्हतं, आता तिचं. लिहा बराबर.”

नरहरनं लिहिलं.

“त्यांना इचारा, त्यात वाटा तरी असंल.”

“बिलकुल न्हाई. बापानंच वाटणी करून देल्ती.”

तेही लिहिलं गेलं. नरहरनं अख्खा जबाब वाचून दाखवला. कारभारीनं ऐटीत सही केली, दोन पंचांनी अंगठे उठवले. हरकत फेटाळली, माफी मंजूर झाली.

कारभारीनं मिशीवर हात फिरवला. बाईची चांगली जिरवली, याचा त्याला माफीपेक्षाही जास्त आनंद झाला होता.

“तिला सांगा, पुन्हा माझ्या वाटंला जाऊ नको म्हणावं.”

चतुराबाई उठली. पदर तसाच ओढलेला, आवाज मात्र खणखणीत.

“साहेब, या जबाबाची नक्कल द्या मला. अन् त्यांना सांगा, कोर्टात माझ्या बाजूनं बोलायला माणूस भेटत नव्हता, त्यो आज भेटला.”