किडनी, मुक्काम पोस्ट जावई

"डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या निम्म्या केल्यात, आई," श्रीरंगने फोनवर सासूबाईंना चाचरत सांगितलं. "रक्तात विषाणू वाढलाय, त्याच्याशी लढायला प्रतिकारशक्तीला जागं करायला हवं. पण जागी झाली, की ती तुम्ही दिलेली किडनीच परकी समजून हाकलायची!"

"हाकलतेय कसली! माझी आहे ती, जावईबापू. एकदा बसली की उठत नाही."

श्रीरंग हसला. "रिपोर्ट येईपर्यंत इथे येऊन राहा ना."

"लेकीच्या घरचं पाणी आम्ही पीत नाही."

"तुमची किडनी रोज तीन लिटर पितेय की!"

पलीकडून आवाज आला, "म्हणजे नेम मोडलाच की मेला! चहा टाका. मास्क लावून निघाले."