घर बघायला

माझ्या पोरीचं, मेघालीचं लग्न जमत आलं आणि माझी बहीण कलावती आडवी आली. आधीच ही बाई वांगीसुद्धा चार गाड्यांवर दाबून बघते! स्थळ परराज्यातलं. हुंडा नको, मानपान नको, लग्नाचा खर्चही त्यांचाच. परवा देवळात हार घालायचे आणि पोरीला घेऊन लगेच निघायचं, असं मध्यस्थ बाई सांगत होती.

कलावतीचं एकच पालुपद. "आधी घर बघायला जाऊ."

"एवढ्या लांब कशाला, ताई? फोटो दाखवले ना?" मध्यस्थ बाई म्हणाली.

"फोटोत मानसं कळत न्हाईत. पत्ता दे, माझं तिकीट मी काढते."

"पत्ता कशाला? मी हाय ना!" बाई तणतणत उठली. "तुमच्या पोरीवाचून काय अडलंय? दुसऱ्या पोरी तयार हायेत." चहा अर्धा टाकून ती गेली.

माझी सटकली. "सोन्यासारखं स्थळ घालवलंस! घर बघून काय मिळणार होतं तुला?"

कलावतीने उष्टा कप उचलला.

"गेल्या साली म्हैस विकलीस, दत्तू. तेव्हा घेणाऱ्याचा गोठा बघायला अकलोलीपर्यंत गेलेलास ना?"