खांबामागची खुर्ची

आईला माती देऊन मंडळी हार्लेममधल्या चर्चच्या तळघरात जेवायला बसली होती. लुएलाचं ताट तसंच होतं. ती ज्या क्लबात गाऊन नावारूपाला आली, तिथला दरवान ब्रदर होझिया शेजारी येऊन बसला.

"चार घास खा, पोरी."

"त्या क्लबात आपल्या काळ्या लोकांनी फक्त गायचं आणि वाढायचं, बसून ऐकायचं ते गोऱ्यांनी. तरी मालकाच्या पाया पडून मी आईसाठी खांबामागची एक खुर्ची मिळवली होती, ब्रदर. ती आलीच नाही. तिच्या लेखी माझं गाणं सैतानाचं ना! मग मीही हट्टाला पेटले, घरी जाणंच सोडलं."

होझियाने खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"आल्या होत्या. ईस्टरच्या सणाची ठेवणीतली टोपी घालून, पुढच्या दाराशी. मालकाने ऐन वेळी शब्द फिरवला. मलाच अडवायला लावलं. मी म्हटलं, मदर, मागून स्वयंपाकघरात या, तिथून ऐका. तर म्हणाल्या, 'जन्म गेला माझा गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात. लेकीचं गाणं तरी तिथून नको.'"

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, 'लुएलाला कळलं तर ती त्याच पावली क्लब सोडेल. त्यापेक्षा माझ्यावर रुसू दे.'"